पांढऱ्या डब्याची घरं

आमच्या आळीतल्या बायकांचं मंडळ दर दिवाळीला हाताने लिहिलेला अंक काढतं. यंदा त्यांनी मला म्हटलं, "अक्का, तुम्ही इतकी वर्षं दवाखान्यात काय करत होतात ते लिहा. आम्हाला कधी नीट कळलंच नाही." मी मान हलवली. तो होकार होता की नकार, हे समोरच्याने ठरवावं अशी माझी मान हलते. आता लिहायला बसले आहे. अंकाला द्यायचं की ट्रंकेत ठेवायचं, ते लिहून झाल्यावर बघेन.

मी नर्स नव्हते आणि सुईणही नव्हते. औषधाच्या पुड्या बांधते, असं बऱ्याच जणींना वाटे. शेजारच्या काकू म्हणायच्या, "जळगावच्या बाया जिनात कापूस निवडतात, आमची सरू माणसं निवडते." त्या टोमणा मारत, पण काम जवळपास तेच होतं.

माझे यजमान भुसावळला रेल्वेत होते. लग्नाला फार दिवस झाले नव्हते, तेव्हा तापाने गेले. मूलबाळ नव्हतं. मी मावशीकडे जळगावला आले. चौथी पास झालेली, अक्षर बरं, आणि तोंडातून शब्द न फुटणारी. घराशेजारी नाना राहत. ते जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. उभा जन्म आकड्यांत गेलेला, म्हणून इथल्या काही डॉक्टरांनी त्यांना दवाखान्याच्या मागची खोली दिली होती. एखाद्या डॉक्टरला एखाद्या रोगाबद्दल काही शोधायचं असलं, की काय विचारायचं, किती जणांना विचारायचं आणि आलेल्या उत्तरांतून काय निघतं, हे नाना सांगत. त्यांना हाताखाली कोणी तरी हवं होतं. नानांच्या पत्नीने, म्हणजे त्याच शेजारच्या काकूंनी, माझं नाव सुचवलं. "ती बोलत नाही," असं मावशीने आधीच सांगून टाकलं. नाना म्हणाले, "बरंच झालं. बोलणारे माझ्याकडे पुष्कळ येतात."

खोलीत पुरुष येत-जात. माझी अडचण ओळखून नानांनी औषधांचं एक रिकामं कपाट मधे आडवं लावून घेतलं. कपाटाच्या अलीकडे मी जमिनीवर बसे. एका माणसाचा एक पत्ता, म्हणजे जाड कागदाचा तुकडा. त्यावर नाव, गाव, वय आणि डॉक्टरांना जे हवं ते. त्या पत्त्यांचे ढीग लावायचे. ताप आलेले इकडे, न आलेले तिकडे. मग त्याच ढिगांतून विहिरीचं पाणी पिणारे वेगळे, नदीचं पिणारे वेगळे. मोजताना चुकू नये म्हणून चिंचोके ठेवायचे. जो माणूस मेला, त्याच्या पत्त्याचा कोपरा कात्रीने कापायचा. ढीग हातात धरला, की कापलेले कोपरे बोटाला कळत. बघावं लागत नसे.

हे वाचून कोणाला वाटेल, यात कसलं शहाणपण? मलाही आधी तसंच वाटलं होतं. मग धुळ्याचे एक डॉक्टर आले.

त्यांनी अशक्त बाळांसाठी एक गोड औषध तयार केलं होतं. कागदांची चवड टेबलावर ठेवून म्हणाले, "नाना, हिशेब अगदी सोपा आहे. ज्या आया पावसाळाभर न चुकता आल्या, त्यांची बाळं गुटगुटीत झाली. तेवढं टक्क्यांत मांडून द्या, म्हणजे मुंबईला पाठवतो."

नाना म्हणाले, "आणि ज्या आल्या नाहीत त्या?"

"त्यांचा हिशेब कसा करणार? त्या आल्याच नाहीत."

नानांनी चष्मा काढून पुसला. ते असं करू लागले, की मला समजे, आता माझी चप्पल झिजणार. मी धुळ्याला गेले आणि न आलेल्यांची घरं शोधत फिरले. काही घरी बाळ धडधाकट होतं, म्हणून आई पुन्हा गेली नव्हती. काही घरी मला दारातच थांबवलं. आत जाऊन बाईने अर्धी भरलेली बाटली आणून माझ्या हातात दिली. "ही घेऊन जा, बाई. घरात डोळ्यांसमोर नको." अशा बाटल्या मी पिशवीत घेऊन परत आले. कपाटाच्या अलीकडे बसून कोपरे कापले. ढीग लावल्यावर दिसलं, की औषधाने कोणाचं वाईट झालेलं नाही आणि बरंही झालेलं नाही. डॉक्टरांनी निकाल वाचला आणि पान न खाता उठले. पुन्हा आमच्याकडे कधी आले नाहीत. पण त्यांच्या दवाखान्यात नंतर प्रत्येक बाळाच्या नावाबरोबर घराचा ठावठिकाणा लिहू लागले, असं ऐकलं.

नाना म्हणत, "सरूबाई, समोर दिसतात ती माणसं अर्धी. आपला धंदा उरलेल्या अर्ध्यांचा."

विचारायचं कसं, हे मात्र मला बायकांनीच शिकवलं. धुळ्याच्याच एका बाई-डॉक्टरांना बाळंतपणात किती मुलं दगावतात ते पाहायचं होतं. कागदावर प्रश्न होता, 'एकूण मुले किती?' आता आपल्याकडे कुठली आई जिवंत मुलांची मोजदाद तोंडाने करील? नजर लागते. आणि गेलेल्यांचं नाव तर सकाळच्या प्रहरी कोणी काढत नाही. सगळ्या म्हणत, "आहेत देवाच्या दयेने दोन-चार." मी हात हलवत परत येई. एका म्हाताऱ्या सुईणीला माझी कीव आली. ती म्हणाली, "पोरं नको इचारू. खाट किती खेपा टाकी, ते इचार." बाळंतिणीची खाट किती वेळा टाकली, हे विचारायला बंदी नव्हती. त्या प्रश्नाला बायका भिंतीला टेकून बसत आणि एकेक खाट सांगत. ही चैतातली, ही पोळ्याच्या आदल्या दिवशीची, ही माहेरची. मग त्या खाटेवरचं मूल कुठे आहे ते आपोआप येई. बाई-डॉक्टरांचं काम छान झालं. मला मात्र त्या उन्हाळ्यात जेवण जाईना. एवढ्या खाटा एकदम कोणी ऐकू नयेत.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते.

लढाई सुरू होण्याच्या आधीची गोष्ट. जळगावचे एक तरुण डॉक्टर होते. माणूस मनाने मऊ, बोलायला अडखळणारा, म्हणून मला त्यांची भीती कमी वाटे. चोपड्याच्या वर सातपुड्याच्या पायथ्याला जी गावं आहेत, तिथे श्रावणापासून दिवाळीपर्यंत हिवताप घर सोडत नाही. मुलांच्या पोटात डाव्या बरगडीखाली पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढते, पोट मडक्यासारखं होतं. डॉक्टरांचं म्हणणं होतं, ताप आल्यावर क्विनीन देण्यापेक्षा पावसाळाभर रोज एक लहान गोळी आधीच दिली, तर ताप येणारच नाही. जिल्हा लोकल बोर्डातले लोक म्हणत, आधी दाखवा, मग पायथ्याच्या सगळ्या गावांना गोळ्या पुरवू. दाखवायचं कसं, हे विचारायला डॉक्टर नानांकडे आले.

नानांनी सांगितलं, "अर्ध्या घरांना खरी गोळी. अर्ध्यांना तशीच दिसणारी, तशीच कडू, पण काडेचिराइताची. कोणाला कोणती, ते चिठ्ठी ठरवील."

डॉक्टर म्हणाले, "मी ठरवलं तर? जी मुलं फार खंगली आहेत त्यांना..."

"म्हणूनच तुम्ही नाही. डॉक्टर चांगला असला, की जास्त आजारी मुलाला खरं औषध देतो. ते मूल दगावलं, की दोष औषधाला. डॉक्टर चलाख असला, की धट्ट्याकट्ट्याला देतो. चांगल्याच्या आणि चलाखाच्या, दोघांच्याही हातातून निवड काढून घ्यायची."

गोळ्यांचा खर्च करणारे एक मारवाडी शेठजी होते. दोन डब्यांची गोष्ट ऐकून ते खुर्चीतून उठले. "धरमाच्या कामात दोन डबे कसे, डॉक्टरसाब? देवळात आपण अर्ध्यांना परसाद आणि अर्ध्यांना माती वाटतो का?" नाना त्यांना समजावत बसले. ज्याला ताप येईल त्याला खरं क्विनीन लगेच मिळेल, मग तो कुठल्याही डब्याचा असो, असं ठरल्यावर शेठजी कसेबसे तयार झाले. जाताना कपाटाकडे बघून म्हणाले, "तिकडे बाई आहे ना? तिला विचारा. बायांना हे पटणार नाही." मला कोणी विचारलं नाही. मीही बोलले नाही, कारण मला नानांचं पटलं होतं.

जी गावं निवडली, त्यांत माझ्या धाकट्या बहिणीचं गाव होतं. वेणू तिथे दिलेली. शेती थोडी, घरात गाय-म्हैस काही नाही. पहिली दोन मुलं हिवतापाने गेली. तिसरी मुलगी झाली, तिचं नाव चिंधी ठेवलं. चिंधी कोण नेणार, म्हणून. त्या भागात चिंध्या आणि धोंडू इतके, की पत्ते लावताना माझी तारांबळ उडे. आमची चिंधी तेव्हा पाचेक वर्षांची असेल. पोट पुढे, पाय काडीसारखे, आणि तोंड दिवसभर चालू. ती माझ्यावर गेली नव्हती.

चिठ्ठ्या मारुतीच्या पारावर काढल्या. आपल्याकडे चिठ्ठी लहान मुलीने काढायची, म्हणजे कोणाला संशय राहत नाही. गावाने चिंधीलाच पुढे केलं, कारण ती लाजत नव्हती. मी तांब्याचा गडवा धरून बसले. घराचं नाव पुकारलं, की ती हात घाली. लाल चिठ्ठी निघाली, तर त्या घराच्या चौकटीवर गेरूचा ठिपका आणि लाल झाकणाचा डबा. पांढरी निघाली, तर चुन्याचा ठिपका आणि पांढरं झाकण. वेणूचं घर आलं तेव्हा चिंधी म्हणाली, "आते मन्हं घर. माले लाल जोयजे." लोक हसले. तिने डोळे मिटून हात घातला आणि पांढरी काढली. मग गडव्यात वाकून बघत मला म्हणाली, "मोठी माय, दुसरी काढू?" मी मान हलवली. ती नकाराची होती आणि तिला कळली.

लाल झाकण म्हणजे काय आणि पांढरं म्हणजे काय, हे नाना आणि डबे भरणारा कंपाउंडर यांच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनाही नाही. मलाही नाही. ते पाकिटात बंद करून नानांनी एका वकिलांकडे ठेवलं होतं.

दर आठवड्याला घरोघर पुडी जाई. मी महिन्यातून एकदा तापी ओलांडून त्या गावांना जाई आणि कोणाला ताप आला, गोळ्या संपल्या का, ते लिहून आणी. दुसऱ्या खेपेला वेणूकडे उतरले होते. दिवे लागायच्या वेळेला ती वाटी घेऊन निघाली. म्हटलं, "कुठे?" म्हणाली, "रखमाकडे. इरजन आनाले." रखमा तिची भिंतीला भिंत लागून शेजारीण. माझ्या मनात आलं, घरात दूध नाही, हिला विरजण कशाला? मग ओट्यावर बसून बघत राहिले. आळीतल्या बऱ्याच बायका वाट्या घेऊन जात-येत होत्या. चुन्याच्या ठिपक्याच्या घरातून निघत, गेरूच्या ठिपक्याच्या घरात शिरत.

वेणू परत आली. वाटीत कणभर दही होतं आणि झाकणाच्या पानाखाली अर्धी गोळी.

मी बघितलेलं तिने बघितलं. लपवलं नाही. म्हणाली, "लाल डबावालास्ना कान वाजतस, अक्का. आमना नही वाजतस. मंग आमन्ही गोयी कसानी शे, ते आमले समजत नही का?"

क्विनीनने कानात भुंगा घुमल्यासारखं होतं. हे नानांना ठाऊक होतं, डॉक्टरांना ठाऊक होतं. पण गावातल्या बायका पाण्यावर एकमेकींना कान विचारतील, हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"रखमा देते?" मी विचारलं.

"इरजन मांगाले उनेल बाईले कोन्ही नही म्हनस का? तिन्हा पोरले अर्धी, मन्ही पोरले अर्धी."

दारात विरजण मागायला आलेलीला रिकामी पाठवायची नाही, ही आपल्याकडची रीत. त्या रीतीत त्यांनी गोळी बसवली होती. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. कोणी नाही म्हटलं नव्हतं. लाल घरांना अर्धी, पांढऱ्या घरांना अर्धी. चिंधी तिथेच बसून ती अर्धी गोळी चघळत होती आणि तोंड वाकडं करून मला दाखवत होती.

परतताना तापीच्या होडीत बसले आणि विचार करून करून डोकं भणाणलं. मी सांगितलं नाही, तर दोन्ही ढीग सारखेच निघतील. बोर्ड म्हणेल, गोळीत काही अर्थ नाही, आणि पायथ्याच्या एकाही गावाला गोळी मिळणार नाही, यंदाही नाही आणि पुढेही नाही. सांगितलं, तर वाट्या बंद होतील आणि चिंधीची अर्धी गोळी जाईल.

मी सांगितलं. नाना लेखणी तासत होते. तासता तासता थांबले. मग विचारलं, "चिंधीचं घर कोणतं?"

"पांढरं."

"पांढरं म्हणजे काय, ते तुला ठाऊक नाही."

"गावाला ठाऊक आहे, नाना."

डॉक्टरांना बोलावलं. ते रागावले नाहीत, उलट थोडे हसले, मग हसू गेलं. म्हणाले, "अर्ध्या गोळीने कोणीच वाचत नसेल, तर आपण सगळ्यांनाच मारतो आहोत." ठरलं असं, की यापुढे घरी पुडी द्यायची नाही. गावच्या शाळामास्तरांनी रोज संध्याकाळी पारावर प्रत्येक मुलाला समोर गोळी गिळायला लावायची, वर पाणी प्यायला लावायचं आणि तोंड उघडून बघायचं. ताप आलेल्यासाठी क्विनीनची बाटलीही मास्तरांकडे ठेवायची.

डॉक्टर गेल्यावर मी कपाटाच्या पलीकडे गेले. तशी कधी जात नसे. नानांसमोर उभी राहून म्हटलं, "नाना, चिंधीला यातून काढा. एक पत्ता कमी झाला तर काय होतं?"

इतकं सलग मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. त्यांनाही ते जाणवलं. त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही.

"एक पत्ता कमी झाला तर काही होत नाही," ते म्हणाले. "पण वेणूच्या घरचा ठिपका रातोरात लाल झाला, की आळी विचारील, का? तू तिची बहीण म्हणून. मग चिठ्ठी खोटी, पार खोटा आणि आपण खोटे. पांढऱ्या घरात प्रत्येक मूल कोणाचं तरी आहे, सरूबाई. त्यांची बहीण इथे कपाटामागे बसत नाही, एवढाच फरक."

मी परत जागेवर जाऊन बसले. त्यांचं म्हणणं खरं होतं. आजही मला ते खोडता येत नाही. किती वेळा प्रयत्न केला.

पुढचं थोडक्यात सांगते. भादव्यात झड लागली होती. कंपाउंडर त्या गावांकडून पत्ते घेऊन आला आणि पुडकं खाली न ठेवता दारात उभा राहिला. म्हणाला, "अक्का, तुमच्या वेणूबाईंची पोर..." सकाळी ताप भरला, मास्तरांनी लगेच क्विनीन आणलं, पण ताप डोक्यात गेला होता. दातखीळ बसली, औषध घशाखाली उतरेना. सुई टोचून घ्यायला चोपड्याला न्यावं म्हणून गाडी जुंपली. नाल्याला पूर होता. गाडी काठावर थांबली, आणि पाणी उतरायची वाट बघता बघता ती गेली.

नाना म्हणाले, "तो पत्ता माझ्याकडे दे." मी दिला नाही. माझं काम होतं, मीच कोपरा कापला.

वेणूकडे गेले तेव्हा ती चूल सारवत होती. मान वर न करता तिने विचारलं, "वाट्यास्नं तूच सांगं ना तेस्ले?"

"हो."

सारवणं थांबलं नाही. "दुसरी कोन्ही ऱ्हाती ते मी भांडती. तुन्हासंगे कसं भांडू, अक्का?"

तिने मला जेवायला वाढलं. पानात दही नव्हतं.

दिवाळीनंतर ढीग लावले. वकिलांकडचं पाकीट आणून फोडलं. आत तेच होतं, जे वेणूच्या आळीतल्या बायकांना श्रावणातच कळलं होतं. लाल घरांत ताप थोडा आला होता, पांढऱ्या घरांत पुष्कळ. वाट्या बंद झाल्यापासूनचा फरक तर माझ्यासारख्या चौथी शिकलेलीला ढिगांच्या उंचीवरून दिसत होता. नाना म्हणाले, "इतकं स्वच्छ काम माझ्या हातून आजवर झालं नाही." म्हणाले, आणि चष्मा काढून भिंतीकडे तोंड केलं. डॉक्टरांनी निकाल लिहिला. बोर्डाने मान्य केला. पुढच्या पावसाळ्यापासून पायथ्याच्या सगळ्या गावांना गोळ्या द्यायच्या ठरल्या.

मी एकदा नानांना विचारलं होतं, "ती अर्धी गोळी चालू राहिली असती, तर?" ते म्हणाले, "एकावरून काही सांगता येत नाही." ते आमच्या खोलीतलं नेहमीचं वाक्य. धुळ्याच्या डॉक्टरांना सांगितलेलं, कितीतरी जणांना सांगितलेलं. शंभर मुलांचं सांगता येतं. एका मुलाचं सांगता येत नाही. हेही खरंच आहे. पण माझ्याकडे एकच होती.

त्या गोळ्या काही गावांना मिळाल्या, बहुतेकांना मिळाल्याच नाहीत. लढाई पेटली. क्विनीन जिथून येई ती बेटं जपानच्या हातात गेली, आणि होतं तेवढं फौजेकडे गेलं. डॉक्टरही फौजेत गेले. निकालाचा कागद कपाटात राहिला. लढाईच्या मधल्या वर्षांत नाना वारले. शेवटी शेवटी त्यांना आकडे आठवत, माणसं आठवत नसत. मला मात्र ओळखत. एकदा म्हणाले, "सरूबाई, पारावर गोळी गिळवायची ती अक्कल माझी. तुझी नाही. हे ध्यानात ठेव." मी ध्यानात ठेवलं आहे.

गेल्या पावसाळ्यात अखेर गोळ्या आल्या. पूर्वीच्या नव्हेत, या पिवळ्याजर्द. घेतल्या, की अंग पिवळं पडतं. वाटपाच्या माणसांबरोबर मला पाठवलं, कारण गावं मला ओळखीची. वेणूचं गाव आलं. पारावर बायका जमल्या. एक म्हातारी म्हणाली, "बठ्ठा गावले हयद लागनी. आते नवरदेव कोठून आनवा?" बायका हसल्या. गावातल्या चौकटींवर कुठे कुठे गेरू नि चुना अजून दिसत होता.

वेणू पुढे आली. डब्याकडे बघून तिने विचारलं, "हाई कोनता डबा शे?"

"आता एकच डबा आहे," मी म्हटलं. "सगळ्यांना तीच."

तिने हात पुढे केला. मी गोळी ठेवली. तिने ती दातात धरून मोडली, अर्धी गिळली आणि अर्धी हातावर घेऊन शेजारी उभ्या असलेल्या रखमाकडे केली. रखमा चपापली. मूठ उघडून दाखवत हळूच म्हणाली, "मन्हाजोडे शे ना वं माय. आख्खी."

वेणूने हात मागे घेतला. तळहातावरच्या त्या अर्ध्या गोळीकडे थोडा वेळ बघितलं. मला वाटलं, आता ती तोंडात टाकील. तिने ती पदराच्या टोकाला बांधली, गाठ ओढून बघितली आणि घराकडे चालू लागली.